राऊतांच्या वह्यांमागे वसई-विरार

वसई-विरारला फिरायला कोणी जात नाही. लोक तिथे फ्लॅट बघायला जातात, लग्नाला जातात, नाहीतर लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला किल्ल्यावर जातात. पुण्यातल्या माझ्या शेजाऱ्यांनी "कुठे निघालात?" म्हणून विचारलं, मी "वसई" म्हटलं, तर त्यांनी काळजीच्या सुरात विचारलं, "कोणी आजारी आहे का?" आजारी होते ते पंधरा दिवसांपूर्वीच गेले होते. मी त्यांच्या वह्या आणायला निघालो होतो.

राऊत आमच्या कंपनीत नाल्यांचे इंजिनिअर. मूळचे वसईच्या वाडीतले. आठवडाभर पुण्यात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी पळायचे. सोमवारी येताना पिशवीभर सुकेळी आणायचे. ही वसईची वाळवलेली केळी दिसायला अगदीच गरीब असतात, पण एकदा खाल्ली की माणूस सोमवारची वाट बघायला लागतो. सुकेळ्यांइतक्याच सढळ हाताने ते ज्ञान वाटायचे. चहावाल्याच्या मोरीचा उतार त्यांनी दुरुस्त केला होता. आमच्याशी टेंडरमध्ये भांडणाऱ्या दुसऱ्या कंपनीची मुलंसुद्धा अडली की त्यांनाच फोन करायची, आणि हे त्यांना तासभर समजावून द्यायचे. साहेबांना याचा भयंकर राग होता. पण राऊत गेले आणि साहेबांच्या लक्षात आलं की सगळ्या जगाला शिकवणाऱ्या या माणसाकडून आपल्या कंपनीने काहीच उतरवून घेतलेलं नाही.

"राऊतांचं नॉलेज कंपनीचं आहे, लिमये. ते घेऊन या," साहेब मला म्हणाले. पितृपक्ष होता, पितृपक्षात आमच्याकडे टेंडर भरत नाहीत, त्यामुळे त्यांना असले विचार सुचायला वेळ होता. त्यांनी मला एक छापील फॉर्मही दिला. त्यात पहिला रकाना होता 'ज्ञानाचा प्रकार'.

मी लगेच तयार झालो, याचं कारण वेगळं होतं. ते इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचा सगळा प्रवास केळी आणि मासे खायला केला असं वाटेल.

जूचंद्रच्या पुढे खाडीला मिळणारा एक नाला आम्ही आखला होता. पुण्यात पाणी उतारावरून खाली जातं आणि विषय संपतो. खाडीकाठी ते भरतीबरोबर दिवसातून दोनदा परत येतं. म्हणून नाल्याचं तोंड किती उंचीवर ठेवायचं याला महत्त्व. राऊतांनी ते ठेवलं होतं, आणि मग ते आजारी पडून रजेवर गेले. फाइल माझ्याकडे आली. संगणकाने सांगितलं, उतार कमी पडतोय. मी तोंड एक फूट खाली घेतलं, त्यांना न विचारता. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे राऊतांची चूक सापडली याचा मला आनंद झाला होता. इतकी वर्षं शेजारी बसून ती एकदाही सापडली नव्हती.

श्रावणात त्यांचा फोन आला. आवाज अगदी खोल गेला होता. "लिमये, त्या नाल्याचं तोंड किती ठेवलंस रे?"

मी म्हणालो, "तुम्ही ठेवलं होतंत तेवढंच."

"बरं," ते म्हणाले, आणि माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. त्यांचा आकडा कुठून आला होता हे मला हवं होतं. तो चुकीचा निघाला असता तर मी खोटं बोललो हे निदान थोडं सोसवलं असतं.

पहिला दिवस: वाडी

प्रवासाबद्दल लिहीत नाही. घोडबंदरचा रस्ता ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांचं मन मोडायला नको.

वसईच्या समुद्राकडच्या अंगाला गेलं की मात्र माणूस गप्प होतो. केळी, नारळ, नागवेली, विहिरी, मध्येच एखादा क्रूस आणि पलीकडे तुळशीवृंदावन. राऊतांचं घर अशाच एका वाडीत होतं. वाडी त्यांच्या भावाच्या मुलाने राखली आहे, म्हणजे अर्धी राखली आहे आणि अर्ध्या भागात लग्नाचा हॉल काढला आहे. हॉलच्या मागून जाणारा पाट मात्र इतका सुरेख काढलेला होता की कोणी काढला हे विचारावं लागलं नाही.

वहिनींनी पातीचा चहा दिला. मी पुण्यातून पाठ करून आणलेली सांत्वनाची दोन वाक्यं म्हटली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "जेवणार ना, भावजी? बोंबील चालतात का?"

मी घरी शाकाहारी आहे. बोंबील चालतात असं सांगितलं. पितृपक्षात, ज्याच्या घरी समाचाराला आलो त्याच्याच घरी, मी सहा बोंबील खाल्ले. वर वालाचं बिरडं. त्या वाढत राहिल्या आणि बोलत राहिल्या. राऊतांना शेवटी शेवटी जेवण जात नव्हतं, पण फोन जात होता. डॉक्टरांनाही त्यांनी दवाखान्याच्या गच्चीचं पाणी का साचतं ते सांगून ठेवलं होतं.

हात धुतल्यावर मी विषय काढला. "वहिनी, त्यांच्या वह्या होत्या ना? नाल्यांच्या हिशेबाच्या?"

"होत्या की. त्यांनीच वाटून टाकल्या."

"कोणाला?"

"मागेल त्याला. तुम्ही कधी मागितली नाहीत ना?"

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं की सरळ, मला अजून कळलेलं नाही. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, कुठली वही कोणाकडे गेली ते त्यांना माहीत नाही, पण नालासोपाऱ्याचा शिवपूजन शेवटपर्यंत येत होता, त्याला विचारा. निघताना सुकेळ्यांची पुडी हातात दिली. मला ती घेताना लाज वाटली, पण घेतली.

दुसरा दिवस: नालासोपारा

इथे एके काळी दूरदेशीची जहाजं लागत, असं सोपाऱ्यात प्रत्येक जण सांगतो. आता एक रिक्षा लागायची म्हटली तरी दुसरी हलवावी लागते. इमारती एकमेकींच्या इतक्या जवळ की एकीतल्या फोडणीने दुसरीतल्या माणसाला ठसका लागावा. मी मान वर करून ही शोभा बघत चाललो होतो आणि माझा उजवा पाय उघड्या गटारात गेला, गुडघ्यापर्यंत. चौतीस वर्षं गटारांवर पोट भरणाऱ्या माणसाला गटाराने अखेर ओळख दाखवली. पाय वर आला, बूट आला नाही.

शिवपूजनचं पंप दुरुस्तीचं दुकान पुढच्याच गल्लीत होतं. माणूस जौनपूरकडचा, इथे येऊन वीस-बावीस वर्षं झालेली. माझा पाय बघून त्याने काही विचारलं नाही. पाण्याची नळी लावली आणि स्वतःची एक चप्पल दिली. "दुसरा जूता राहू द्या पायात. एक तरी आपला पाहिजे ना."

राऊतांचं नाव काढताच तो हातातलं काम ठेवून उभा राहिला. आमच्या ऑफिसात बातमी आली तेव्हा कोणी उभं राहिलं नव्हतं. सगळ्यांनी मोबाइलवर हात जोडल्याची चित्रं पाठवली होती.

त्याने वही काढली. वॉर्निशने चिकट झालेली, कोपरे काळे. राऊतांच्या रेखीव अक्षरात पंपांची माहिती होती, आणि खाली शिवपूजनने हिंदीत भर घातली होती. काही ठिकाणी त्याने राऊतांचं वाक्य खोडून स्वतःचं लिहिलं होतं.

"हे तुम्ही खोडलंत?"

"साहबनेच सांगितलं. बोले, चुकीचं दिसलं तर मला फोन कर, मग खोड. मी फोन केला. त्यांनी ऐकलं, बोले, तुझं बरोबर, खोड."

फोन कर, मग खोड. पंपवाल्याला हे जमलं होतं. त्याने मागवलेला समोसा पाव मी मोठ्या घासांनी संपवला, म्हणजे बोलावं लागू नये. नाल्यांची वही बोळिंजच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेल्याचं त्यानेच सांगितलं. "सावंतसाहब. आदमी अच्छा आहे, पण लिहून द्यावं लागतं."

बोळिंज, त्याच दिवशी

सावंत मंत्रालयातून निवृत्त झाले आहेत, पण मंत्रालय त्यांच्यातून झालेलं नाही. एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून आलेल्या माणसाकडे त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि सोसायटीच्या रजिस्टरमध्ये माझं नाव, वेळ आणि 'कामाचे स्वरूप' लिहून घेतलं.

दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या पार्किंगमध्ये पाणी भरायचं. राऊत एका रविवारी आले, केळीच्या सोपटाचा तुकडा नाल्यात सोडून त्याच्याबरोबर काठाकाठाने चालत गेले, आणि पाणी कुठे अडतं ते दाखवलं. पुढे राऊत आजारी पडल्यावर सावंतांनी वही मागितली, राऊतांनी दिली. सावंतांनी कमिटीत ठराव करून ती कपाटात ठेवली. आता ती सोसायटीची मालमत्ता होती.

"बघायला मिळेल?"

"अर्ज द्या. पुढच्या मीटिंगमध्ये ठेवतो."

"मीटिंग कधी?"

"कोरम भरला की."

मी अर्ज लिहिला. त्यांनी तारखेचा शिक्का मारला, आवक नंबर टाकला, वाचला, आणि मग 'राऊत यांचे सहकारी' या शब्दांवर बोट ठेवलं. "शेवटी भेट झाली होती का तुमची?"

"फोन झाला होता."

"माझा राहिला," सावंत म्हणाले. मग उठून त्यांनी कपाट उघडलं. "ठरावाचं मी बघून घेईन. इथेच बसून वाचा. पान दुमडू नका."

वहीला प्लास्टिकचं कव्हर, पानांना नंबर. मी जूचंद्रचं पान शोधलं. तिथे मोठं गणित असेल, भरतीचे तक्ते असतील, अशी माझी अपेक्षा होती. पानावर चारच ओळी होत्या.

'जूचंद्र पुढे, खाडीजवळ. चांगुणाबाई पाटील, मिठागरावर जन्म गेला. त्यांच्या घराला चार पायऱ्या. मोठ्या उधाणाला पाणी तिसऱ्या पायरीला टेकतं, चौथीला कधी नाही. नाल्याचं तोंड तिसरीच्या वर ठेवणे.'

खाली आकडा होता. त्यांचा, मी खोडलेला.

राऊतांची वही उघडली की आपल्याला त्यांची विद्या दिसेल असं मला वाटलं होतं. पुढची-मागची पानं चाळली. सगळीकडे हेच. कोणाचं घर, कोणाची विहीर, कोण काय म्हणालं, आणि फोन नंबर. इतकी वर्षं आम्ही ज्याला राऊतांची दैवी नजर म्हणत होतो, ते म्हणजे हा माणूस जाऊन विचारत असे. माझ्या संगणकाला विचारायला घर नव्हतं, पण मला होतं. मी पान न दुमडता वही परत दिली.

जूचंद्र, अमावास्या

तिसरा दिवस नवे बूट घेण्यात आणि धीर गोळा करण्यात गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चौथ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती आणि दुपारी उधाण येणार होतं. सकाळी आठलाच मी जूचंद्रला पोचलो.

नव्या इमारती संपल्या की रस्ता एकदम लहान होतो आणि पुढे जुनी मिठागरं लागतात. चांगुणाबाईंचं घर नाल्याच्या कडेलाच होतं. बाई साठीच्या, काटक, कमरेला पदर खोचलेला. मी नाव सांगितलं.

"लिमये सायब," त्या म्हणाल्या. "आलात."

"तुम्हाला कसं माहीत मी येणार?"

त्यांनी सांगितलं ते उभ्यानेच ऐकलं. श्रावणातल्या उधाणाला नव्या नाल्यातून पाणी उलटं आलं, वरून येणारं पावसाचं पाणी त्यावर तुंबलं आणि चौथी पायरी ओलांडून घरात शिरलं. "चुलीपर्यंत आलं. तांदूळ भिजला सगला. सासऱ्यांच्या वक्तापासून कदी आलं नव्हतं. मी राऊतसायबांना फोन केला. ते बोलले, थांब, इचारून सांगतो."

त्यांनी विचारलं ते मला. तोच तो फोन.

"मग परत फोन आला. बोलले, चांगुना, नाल्याचं तोंड तिसऱ्या पायरीच्या वर हाय का खाली, बगून सांग. मी काठी लावली. मी बोल्ले, खाली हाय, हातभर नाय पन बरंच खाली. मंग बोलले, लिमये म्हनून सायब येतील. ते आले की फल्या लावून घे, कागदावर सही त्यांची घे. मी इचारलं, कवा येतील? बोलले, येतील. जरा उशीर लागतो त्यांना."

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी खोटं बोललो हे कळूनही त्यांनी ना मला फोन केला, ना साहेबांना. याला लोक मोठेपणा म्हणतील. मला त्या क्षणी राऊतांचा संताप आला. इथे या बाईच्या चुलीत पाणी शिरत होतं आणि हे तिकडे अंथरुणावर पडून माझी लाज सांभाळत बसले होते. आम्हाला ओरडून घ्यायची सवय लावली असती तर बरं झालं असतं. पण त्यांच्यावर रागावायला मी कोण होतो. फोनवर खोटं मी बोललो होतो आणि राऊत आता नव्हते. मी पहिल्या पायरीवर बसलो.

"पानी देऊ?" चांगुणाबाई म्हणाल्या.

आकडा कोणी बदलला हे त्यांना राऊतांनी सांगितलेलं नव्हतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "फळ्या कुठे आहेत?"

फळ्या मिठागराच्या जुन्या उघाडीच्या होत्या. उघाडी म्हणजे बांधातलं दार, भरतीला बंद करायचं आणि ओहोटीला उघडायचं. घराच्या मागे त्या कधीच्या रचून ठेवल्या होत्या. त्यांनी लावायचा प्रयत्न केला होता, पण ठेकेदाराचा वॉचमन नाल्याला हात लावू देईना. इंजिनिअरचा कागद आणा म्हणायचा. मी पाठकोऱ्या कागदावर परवानगी लिहून सही केली. सही बघून वॉचमन लगेच बाजूला झाला. घरात पाणी शिरलेलं बघून झाला नव्हता.

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्यात उतरलो. चांगुणाबाई हुकूम देत होत्या. फळीवर फळी, फटींना चिकणमाती, आतून बल्ल्यांचा टेकू. "उलटा लावला टेकू, सायब. पानी खाडीतून ढकलनार. शालेत शिकवलं नाय का?" मी टेकू सुलटा केला. वॉचमन काठावरून माझी सही आणि मी यांचा मेळ घालत उभा होता.

साडेबाराच्या सुमारास खाडी भरली. पाणी फळ्यांना लागलं, चढलं, वरच्या फळीच्या चार बोटं खाली येऊन थांबलं. आत नाल्यात थोडं झिरपलं, तेवढंच. चांगुणाबाईंनी घरातून वाटीत भात आणि नैवेद्याची वडी आणली, कावळ्याला पान ठेवलं आणि मला अळवाचं फतफतं वाढलं. आमच्या घरी या भाजीत मुळा घालतात. त्यांनी वाळलेली करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, घातली होती. माझं व्रत तसंही वाडीतच मोडलं होतं.

जेवताना साहेबांचा फोन आला. चांगुणाबाईंच्या कानाआड जाऊन मी सगळं सांगितलं. आकडा मी बदलला, राऊतांचा बरोबर होता, तोंड फोडून वर घ्यावं लागेल, आपल्या खर्चाने.

"लिमये," साहेब म्हणाले, "असलं फोनवर बोलू नका."

"मग लिहून पाठवतो."

"लिहू तर मुळीच नका. आणि हे बघा, चार वाजता राऊतांची शोकसभा ठेवली आहे. ऑनलाइन. दोन मोठे क्लायंट आहेत. तुम्ही तिथूनच जॉइन व्हा, दोन शब्द बोला. भावपूर्ण."

आत तुंबलेलं पाणी ओहोटीला सोडायचं म्हणून फळ्या काढायच्या होत्या, आणि त्याही चारच्याच सुमाराला. मी पुन्हा नाल्यात उतरलो. चांगुणाबाई काठावर बसल्या, त्यांच्या हातात मी फोन दिला आणि तो माझ्याकडे तोंड करून धरायला सांगितलं. फोनमध्ये चाळीस छोट्या चौकोनांत चाळीस लोक बसले होते. साहेब बोलत होते. राऊत म्हणजे कंपनीचा कणा. राऊत म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ. राऊतांचं ज्ञान जतन करण्यासाठी कंपनीने पावलं उचलली आहेत. त्यातलं एक पाऊल चिखलात रुतलं होतं, ते मी काढत होतो.

"आता राऊतांचे निकटचे सहकारी लिमये दोन शब्द बोलतील."

मी वरची फळी काढली आणि हातात धरूनच बोललो. "जूचंद्रच्या नाल्याचा राऊतांचा आकडा बरोबर होता. तो मी बदलला, त्यांना न विचारता. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. माझ्यामुळे इथल्या घरात पाणी शिरलं."

चांगुणाबाईंच्या हातातला फोन कलला, त्याच्या काचेत मला क्षणभर आकाश दिसलं, मग पुन्हा चौकोन आले.

"लिमये," साहेब म्हणाले, "तुमचा आवाज तुटतोय. आम्हाला काही ऐकू आलं नाही. आपण पुढे जाऊ या."

चांगुणाबाईंनी फोन स्वतःकडे वळवला. मी फळी धरून उभा होतो. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला वाटलं आता फोन नाल्यात येईल.

"आवाज तुटत नाय," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "त्या घरातली मी. मला सगला आयकू आला." मग फोन पुन्हा माझ्याकडे फिरवला, जवळ आणला, अगदी तोंडासमोर. "बोला सायब. पहिल्यापासून बोला."

मी पहिल्यापासून सांगितलं.